चार हजार फ्रेम, अठरा दिवस: अंतिम वर्षाच्या एका अ‍ॅनिमेशन फिल्मचं प्रकरण

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक कॉलेज. व्हिडिओ निर्मिती, संगणकीय अ‍ॅनिमेशन आणि डिजिटल ग्राफिक्स शिकवणारा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. सहाव्या सेमिस्टरला पाच-पाच जणांचा गट एक छोटी फिल्म करतो, बाहेरचे परीक्षक ती पाहतात आणि मग व्हायवा होते. कॉलेजचं, विद्यार्थ्यांचं किंवा फिल्मचं नाव इथे दिलेलं नाही.

या गटाची फिल्म २ मिनिटं ४० सेकंदांची होती. पावसाळी रात्र, तालुक्याच्या गावचा एसटी स्टँड, शेवटच्या गाडीची वाट पाहणारी आजी आणि बाकाखाली अंग चोरून बसलेलं कुत्रं. संवाद एकही नाही. पत्र्यावरचा पाऊस, ट्यूबलाइटची गुणगुण आणि लांबून येणारा गाडीचा आवाज, यावरच सगळी फिल्म तोललेली. एकीने दिग्दर्शन आणि एडिटिंग घेतलं, दोघांनी मॉडेलिंग आणि टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं), एकाने रिग (पात्र हलवण्यासाठीचा सांगाडा) आणि अ‍ॅनिमेशन, एकीने लाइटिंग आणि कंपोझिटिंग (वेगवेगळे थर एका चित्रात जोडणं). साउंड दिग्दर्शिकेनेच अंगावर घेतला होता. ती वाटणी पुढे महागात पडली.

काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर (म्हणजे सीनवरून अंतिम चित्रं काढणं) त्यातल्या सायकल्स या इंजिनवर, आकार १९२० बाय १०८०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि टीव्ही प्रक्षेपण २५ फ्रेमचं, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम ठरले. १६० सेकंद गुणिले २५, म्हणजे बरोबर ४,००० फ्रेम, ३१ शॉटमध्ये वाटलेले. लॅबमध्ये १० मशिन, पण १२ जीबी ग्राफिक्स मेमरीची फक्त ४. बाकीच्या मशिनवरचं कार्ड ४ जीबीचं होतं आणि हा सीन त्यात बसत नव्हता. ४,०९६ पिक्सेल बाजूचं एक साधं टेक्श्चर मेमरीत ६४ एमबी जागा खातं, आणि पत्रा, फरशी, भिंती, बाक मिळून अशी टेक्श्चर पन्नासच्या वर गेली होती.

अडचण

सबमिशन शुक्रवारी होतं. त्याच्या अठरा दिवस आधीच्या सोमवारी लाइटिंग करणाऱ्या विद्यार्थिनीने स्टँडचा रुंद शॉट लॅबच्या चांगल्या मशिनवर लावला. एका फ्रेमला १९ मिनिटं लागली. मग तिने प्रत्येक शॉटमधली एक फ्रेम मोजली. सरासरी आली ११ मिनिटं. ४,००० गुणिले ११, म्हणजे ४४,००० मिनिटं किंवा ७३३ तास. एक मशिन रात्रंदिवस चालवलं तर महिनाभर.

गटाने हिशेब केलाच नव्हता, असं मात्र नाही. पाचव्या सेमिस्टरच्या शेवटी त्यांनी एक फ्रेम मोजली होती. तिला १०० सेकंद लागले होते आणि एकूण १११ तास निघाले होते. तो आकडा प्रकल्पाच्या फाइलमध्ये नीट लिहून ठेवलेला होता आणि चार महिने सगळे त्यावर निर्धास्त होते. पण ती फ्रेम होती आजीच्या चेहऱ्याच्या क्लोज-अपची. मागची भिंत धूसर, फरशी चौकटीबाहेर, धुकं तेव्हा सीनमध्ये आलेलंच नव्हतं.

नंतर फरशी ओली झाली. ओल्या फरशीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आलं, त्या प्रतिबिंबाचा उजेड पत्र्याच्या खालच्या बाजूवर गेला आणि तिथून परत खाली आला. मग स्टँडभर खऱ्या व्हॉल्यूमचं, म्हणजे हवेतच प्रकाश पसरवणारं, धुकं भरलं गेलं. यातला प्रत्येक बदल फिल्मसाठी चांगलाच होता आणि प्रत्येकाने फ्रेममागे काही मिनिटं वाढवली. सीन बदलत गेला तरी जुना आकडा पुन्हा कोणी तपासला नाही, आणि खरी चूक ती.

त्यात लॅबचा नियम होता की संध्याकाळी साडेपाचला मशिन बंद आणि सहाला वॉचमन मेन स्विच खाली करतो. दिवसा इतर वर्गांची प्रॅक्टिकल. म्हणजे रेंडरसाठी हातात मशिनही नव्हतं आणि वेळही नव्हता.

समोरचे पर्याय

मार्गदर्शक मॅडमनी मंगळवारी गटाला बसवून सगळे पर्याय फळ्यावर लिहायला लावले आणि प्रत्येकासमोर तास मांडायला सांगितलं.

पहिला, ईव्ही या ब्लेंडरमधल्याच वेगवान इंजिनवर जाणं. ईव्हीत फ्रेम काही सेकंदांत निघते, आणि २०२५ साली ऑस्कर मिळवलेली लॅटव्हियाची ‘फ्लो’ ही फिल्म ईव्हीतच रेंडर झालेली आहे. त्यामुळे ‘ईव्ही म्हणजे कच्चं काम’ हा आक्षेप टिकत नाही. अडचण वेगळीच होती. ईव्हीसाठी सीनचं लाइटिंग पहिल्यापासून त्या हिशेबाने करावं लागतं, इथे ३१ शॉटचं लाइटिंग सायकल्सवर बेतलेलं होतं. ते पुन्हा करायचं म्हणजे दहा दिवस त्यातच जाणार.

दुसरा, पैसे देऊन बाहेरच्या रेंडर फार्मवर, म्हणजे भाड्याच्या मशिनवर, काम टाकणं. ७३३ तासांचा खर्च पाच जणांच्या खिशाला झेपणारा नव्हता. शिवाय तिथेही एखादी चूक सापडली की पुन्हा पैसे.

तिसरा, ७२० रेझोल्यूशन. पिक्सेल ४४ टक्क्यांवर येतात, म्हणजे साधारण ३२६ तास. मोठ्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि लुगड्याचं विणकाम मात्र गेलं असतं.

चौथा, फिल्म ४० सेकंदांनी कापणं. यावर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि तो मागेही पडला. फिल्मचा विषयच वाट पाहणं हा. थांबलेले शॉट काढले की उरतं काय?

पाचवा, आहे तसंच लॅबवर लावणं. चार मशिन, रात्रीचे १३ तास धरले तरी १४ रात्री, आणि एकही फ्रेम चुकणार नाही हे गृहीत धरून.

सहावा, फिल्म तशीच ठेवून सीन हलका करणं. यात धुकं काढायचा विषय निघताच दिग्दर्शिका म्हणाली, “मॅडम, धुकं काढलं तर तो आमचा स्टँडच राहत नाही.” मॅडमनी धुकं काढायला सांगितलं नाही. धुक्याची वेळ वेगळी मोजून आणायला सांगितलं. तोच शॉट, तेच मशिन, एकदा धुक्यासह आणि एकदा धुक्याविना. उत्तर आलं ११ मिनिटं आणि ६ मिनिटं २० सेकंद.

निर्णय

सहावा पर्याय घ्यायचा ठरलं, पण अट घालून. मॅडमनी एचओडी सरांकडून शनिवारी दुपारी दोनपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत चार मशिन चालू ठेवायची लेखी परवानगी आणली. ४२ तास गुणिले ४, म्हणजे १६८ मशिन-तास. ४,००० फ्रेमला भागलं की फ्रेममागे सरासरी अडीच मिनिटं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सरासरी अडीच मिनिटांच्या खाली आली नाही, तर वाद न घालता ७२० वर जायचं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आमच्या मते हाच. पर्यायी वाट कधी धरायची हे डोकं शांत असताना ठरलं होतं, त्यामुळे शुक्रवारी रात्री त्यावरून भांडण झालं नाही.

प्रत्यक्ष काम

धुकं दोन भागांत सोडवलं. बहुतेक शॉटमध्ये खरं व्हॉल्यूम काढून मिस्ट पास घेतला. वस्तू कॅमेऱ्यापासून जितकी लांब तितकी ती या पासमध्ये पांढरी दिसते. कंपोझिटिंगमध्ये त्याच्या आधाराने निळसर राखाडी रंग मिसळला आणि ट्यूबलाइटभोवतीचं वलय ग्लेअर नोडने आणलं. पाऊस पहिल्यापासूनच कंपोझिटिंगमध्ये टाकायचा ठरलेला होता, त्याला हात लावावा लागला नाही.

एका शॉटमध्ये ही युक्ती चालणार नव्हती. गाडी वळणावर येते आणि तिच्या हेडलाइटचे झोत धुक्यातून सरकत आजीपर्यंत पोचतात, तो शॉट. ९० फ्रेम, प्रत्येकी १९ मिनिटं, म्हणजे साडेतीन सेकंदांसाठी साडेअठ्ठावीस तास. मिस्ट पासला झोत कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. दिग्दर्शिका या शॉटवर अडून बसली आणि तिचं बरोबर होतं, कारण अख्खी फिल्म या क्षणाकडे चाललेली आहे. तोड अशी निघाली: शॉट आधी धुक्याविना पूर्ण आकारात रेंडर केला. मग सगळ्या वस्तू होल्डआउट करून, म्हणजे त्यांच्या जागी चित्रात रिकामी भोकं ठेवून, फक्त धुकं आणि झोत यांचा वेगळा थर निम्म्या आकारात काढला. धुक्याला तीक्ष्ण कडा नसतात, त्यामुळे दुप्पट ताणलं तरी कळत नाही. लांबी-रुंदी निम्मी म्हणजे पिक्सेल चौथा हिस्सा, वेळही साधारण चौथा. साडेअठ्ठावीसचे सात तास झाले.

नंतर सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलसाठी सोडलेले प्रकाशकिरण. १,०२४ वरून ३८४ वर आणले आणि प्रकाशाच्या उसळ्या १२ वरून ६ वर. सॅम्पल चौथाई केले की ग्रेन (चित्रातले दाणे) दुप्पट होतो, चौपट नाही. म्हणून इथे वाचवायला जागा असते. उरलेला ग्रेन डिनॉइझरने काढला. एक स्थिर फ्रेम पाहून गट खूश झाला होता, पण मॅडमनी सलग २५ फ्रेम चालवून पाहायला सांगितल्या. तेव्हा पत्र्याखालचा अंधारा कोपरा उकळल्यासारखा दिसला. डिनॉइझर प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पुसतो, दर फ्रेमला त्याचा अंदाज थोडा वेगळा येतो आणि ते फरक एकामागोमाग दिसले की डाग वळवळतात. जिथे थेट उजेड पोचत नाही तिथे हे सर्वांत जास्त. सॅम्पल वाढवण्याऐवजी त्या कोपऱ्यात एक मंद एरिया लाइट ठेवला, डोळ्याला जाणवणार नाही इतकाच. वळवळ जवळजवळ थांबली. एवढं झाल्यावर फ्रेमची सरासरी साडेतीन मिनिटांवर आली.

सर्वांत मोठी बचत कॅमेरा हलत नाही अशा शॉटमध्ये झाली. असे शॉट २० होते. त्यातल्या ४ शॉटमध्ये आजीचं किंवा कुत्र्याचं हलतं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, ते पूर्ण रेंडरसाठी ठेवले. उरलेल्या १६ शॉटमध्ये, म्हणजे २,४०० फ्रेममध्ये, मागचा स्टँड एकदाच भरपूर सॅम्पलवर काढला, प्रत्येकी २० मिनिटांत. मग पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून दर फ्रेमला फक्त पात्रं आणि त्यांच्या सावल्या. फरशी शॅडो कॅचर केली, म्हणजे तिच्यावरची फक्त सावली चित्रात येते. स्टँडचं कलेक्शन ‘इनडायरेक्ट ओन्ली’ ठेवलं, म्हणजे भिंत दिसत नाही पण भिंतीवरून येणारा उजेड आजीच्या पदरावर पडतो. हे विसरलं तर पात्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. या फ्रेमला ५० सेकंद लागले.

गुरुवारचा हिशेब असा: १,६०० फ्रेम साडेतीन मिनिटांनी ९३ तास, २,४०० फ्रेम ५० सेकंदांनी ३३ तास, पार्श्वभूमी ५ तास, धुक्याचा थर ७ तास. एकूण साधारण १३९ तास. सरासरी २ मिनिटं ५ सेकंद. ७२० वर जायची गरज उरली नाही आणि २९ तास हाताशी राहिले.

चार मशिनची जोडणी

कोणतंही रांग लावणारं सॉफ्टवेअर न वापरता ब्लेंडरमधल्या दोन खुणांवर काम भागवलं: ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू. चारही मशिन एकच फाइल उघडतात आणि नेटवर्कवरच्या एकाच फोल्डरमध्ये फ्रेम टाकतात. मशिन फ्रेम हातात घेतं तेव्हा त्या नावाची रिकामी फाइल तयार करतं. दुसरं मशिन ती पाहून पुढच्या फ्रेमवर जातं. निकाल ईएक्सआर या एकेका चित्राच्या फाइलच्या मालिकेत घेतला, थेट व्हिडिओत नाही. व्हिडिओ मध्येच तुटला की सगळंच जातं, मालिकेत तुटलेली एक फ्रेम पुन्हा काढता येते. फ्रेममागे सरासरी १२ एमबी, एकूण ४८ जीबीच्या आसपास.

शनिवारी सकाळी तीन गोष्टी वेळेत सापडल्या. एका मशिनवर ब्लेंडर ३.६ होतं, बाकी तिघांवर ४.२. आवृत्ती ४.० मध्ये वस्तूंचा पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारा प्रिन्सिपल्ड शेडर नव्याने लिहिला गेला आणि एजीएक्स हे रंगरूपांतर आलं, त्यामुळे त्या मशिनच्या फ्रेमचे रंग आणि चकाकी वेगळी दिसली असती. दुसरी, बाकाचं लाकूड भडक गुलाबी दिसलं. टेक्श्चर सापडलं नाही की ब्लेंडर असाच रंग दाखवतो. त्याचा पत्ता एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपच्या ई ड्राइव्हचा होता. सगळे पत्ते सापेक्ष (ब्लेंडर फाइलच्या जागेपासून मोजलेले) केले, टेक्श्चर फाइलमध्ये पॅक केली. तिसरी, लॅबच्या मशिनवर रीस्टार्ट होताच डिस्क मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर होतं. फ्रेम त्याच डिस्कवर साठवल्या असत्या तर एका रीस्टार्टमध्ये रात्रभराचं काम पुसलं गेलं असतं. स्लीप मोड आणि आपोआप होणारं अपडेट लॅब असिस्टंटने बंद करून दिलं.

पदर

रविवारी सकाळी अकराला दिग्दर्शिकेने तयार फ्रेम चालवून पाहिल्या आणि आजीचा पदर थरथरताना दिसला. वाऱ्याने हलावा तसा नाही. एका फ्रेमला खांद्यावरून ओघळलेला, पुढच्या फ्रेमला इस्त्री केल्यासारखा ताठ, तिसऱ्याला पुन्हा वेगळीकडे.

पदराला क्लॉथ सिम्युलेशन (कापडाच्या हालचालीचं गणित) होतं आणि ते बेक केलेलं, म्हणजे आधीच मोजून साठवलेलं, नव्हतं. कापडाची स्थिती आदल्या फ्रेमवरून ठरते. एकच मशिन १, २, ३ असं क्रमाने जातं तेव्हा बेक न करताही चालून जातं, म्हणून लॅपटॉपवर कधीच काही खटकलं नव्हतं. प्लेसहोल्डरच्या पद्धतीत एका मशिनला पहिली फ्रेम मिळते, मग सहावी, मग नववी. मधल्या फ्रेमचं गणित त्याच्याकडे नसतंच. सात शॉट, ९४० फ्रेम वाया गेल्या. त्यातल्या ४०० पूर्ण रेंडरच्या, ५४० पात्राच्या थराच्या, म्हणजे जवळजवळ ३१ तास. हाताशी होते २९.

इथे गटासमोर दोन वाटा होत्या. चालू रांग थांबवून पदराचे शॉट लगेच पुन्हा लावायचे, की बाकीचे शॉट आधी पुरे होऊ द्यायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. लॅपटॉपवर पदराची हालचाल क्रमाने चालवून अलेम्बिक फाइलमध्ये बाहेर काढली, म्हणजे कोणत्याही मशिनने कोणतीही फ्रेम मागितली तरी पदर त्याच जागी असेल. दरम्यान लॅबमध्ये उरलेले शॉट चालू राहिले. पहाटे तीनला वीज गेली आणि यूपीएस संपल्यावर मशिन बंद पडली. पहाटे लवकर आलेल्या विद्यार्थ्याने ती सुरू केली, पण हातात घेतलेल्या चार फ्रेमच्या शून्य बाइटच्या फाइल तशाच राहिल्या होत्या. मशिनच्या लेखी त्या झालेल्या. फोल्डर आकाराने लावून त्या शोधल्या, पुसल्या आणि पुन्हा रेंडर केल्या.

पदराचे शॉट मंगळवारी रात्री, परवानगीचा दुसरा अर्ज देऊन, आठ तासांत निघाले. या वेळी आधी चारही मशिनवर मिळून २५ फ्रेम काढून, त्या चालवून पाहिल्या.

नावांची पाटी

श्रेयनामावली आफ्टर इफेक्ट्समध्ये केली आणि ‘दिग्दर्शन’ या शब्दातली वेलांटी ‘द’च्या पुढे जाऊन बसली, ‘ग’चा पाय मोडलेला, रफार वेगळाच लटकलेला. प्रेफरन्सेसमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं निवडलं आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की हे सुटतं. एका पाटीवर मात्र नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती पुन्हा टाइप करावी लागली. शेवटी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला. नावं प्रत्येकाने स्वतः वाचून सही केली. हा अर्ध्या तासाचा उपचार अजिबात टाळू नये.

निकाल

फिल्म गुरुवारी संध्याकाळी जमा झाली, पूर्ण लांबीची, १०८० मध्ये. झोतांचा शॉट अपेक्षेप्रमाणे उभा राहिला. व्हायवात एका परीक्षकाने विचारलं की काही शॉटमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडाने धुकं उजळत का नाही. लाइटिंग करणाऱ्या विद्यार्थिनीने मिस्ट पास आणि खरं व्हॉल्यूम यांतला फरक मिनिटांसह सांगितला. एका शॉटमध्ये पत्र्याखालची वळवळ अजून दिसते. सर्वांत मोठी कसर साउंडमध्ये राहिली. दिग्दर्शिका दहा दिवस रेंडरच्या मागे होती, मिक्सिंगला दीडच दिवस मिळाला, आणि ट्यूबलाइटची गुणगुण एका कटवर तुटलेली स्पष्ट ऐकू येते. ज्या फिल्ममध्ये संवाद नाहीत तिथे ही उणीव लहान नाही.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणीची फ्रेम सर्वांत जड शॉटची हवी होती. अ‍ॅनिमॅटिक (स्टोरीबोर्डची कच्ची फिल्म) तयार होतं तेव्हाच रुंद शॉट कोणता, पाणी कुठे, धुकं कुठे, कॅमेरा कुठे स्थिर, हे माहीत असतं. स्थिर कॅमेऱ्याचे २० शॉट नोव्हेंबरमध्येही स्थिरच होते. थर वेगळे काढायचं तेव्हाच ठरलं असतं तर पाण्यातल्या प्रतिबिंबाचे चार शॉटही कदाचित थोड्या वेगळ्या कोनातून बसवता आले असते.

सिम्युलेशन असलेली कोणतीही फाइल रेंडरला जाण्याआधी बेक झालीच पाहिजे, मशिन एक असो वा चार. आणि साउंडला स्वतंत्र माणूस हवा. मॉडेलिंगचे दोघे फेब्रुवारीत मोकळे झाले होते, पण वाटणी पुन्हा कोणी पाहिली नाही.

कॉलेजकडूनही दोन गोष्टी राहिल्या. शेवटच्या सेमिस्टरला रात्री लॅब लागणार हे दर वर्षी ठाऊक असतं, तरी परवानगी ऐन वेळी मागावी लागली. आणि लॅबमधल्या दहा मशिनवर ब्लेंडरची एकच आवृत्ती नव्हती.

पुढच्या वर्षीपासून प्रत्येक गटाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर एक तक्ता असतो: शॉट क्रमांक, फ्रेम, कॅमेरा स्थिर की हलता, सर्वांत जड फ्रेमची वेळ, कोणत्या मशिनवर मोजली आणि कोणत्या तारखेला. लाइटिंगमध्ये बदल झाला की जुनी वेळ खोडून नवी लिहायची. तारीख पंधरा दिवसांपेक्षा जुनी असेल तर मॅडम पुढची चर्चा सुरू करत नाहीत, आधी फ्रेम लावायला पाठवतात.